देवमाशाचा घोटा: रक्त, हाडं आणि पन्नास वर्षांचं भांडण

टेथिस

देवमाशाला घोटा कुठून असणार? त्याला मागचे पायच नाहीत. तरी त्याचे पूर्वज कोण, या जुन्या प्रश्नाचा निकाल घोट्यातल्या एका हाडाने लावला, आणि ते हाड मुठीत मावेल एवढंच होतं. गेले काही महिने या विषयावर मिळेल ते वाचतो आहे. डोक्यात जे साचलंय ते इथे सलग मांडून ठेवतो. चुकत असेल तिथे हक्काने सांगा.

देवमासा फुप्फुसाने श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. म्हणजे तो सस्तन. सस्तन प्राणी घडले जमिनीवर, तेव्हा याचे पूर्वज कधीतरी जमिनीवरून पाण्यात गेले असणार. इथपर्यंतचा तर्क सोपा आहे. पण जमिनीवरचा नेमका कोण? डार्विनने १८५९ साली 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या पहिल्या आवृत्तीत उत्तर अमेरिकेतल्या काळ्या अस्वलाचा दाखला दिला होता. ते तासन्‌तास तोंड उघडं ठेवून पोहत पाण्यातले किडे पकडतं, तर असा प्राणी पिढ्यानपिढ्या बदलत देवमाशासारखा होणं मला अवघड वाटत नाही, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. त्यावर इतकी टीका झाली की पुढच्या आवृत्तीतून त्याने तो तर्क काढून टाकला. प्राणी चुकला होता खरा, पण विचाराची दिशा बरोबर होती असं मला वाटतं.

१८८३ मध्ये विल्यम फ्लॉवर या ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञाने अस्वल बाजूला ठेवून खुरांच्या प्राण्यांकडे बोट दाखवलं. मग १९५० मध्ये बॉयडन आणि जेमेरॉय यांनी थेट रक्तालाच विचारलं. एका प्राण्याच्या रक्तद्रवाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्या प्राण्याच्या रक्तद्रवात मिसळायची आणि साका किती बसतो ते मोजायचं. जितकं जवळचं नातं, तितका साका जास्त. देवमाशाचं रक्त सगळ्यात जवळचं निघालं ते समखुरी प्राण्यांच्या रक्ताला. समखुरी म्हणजे गाय, हरीण, डुक्कर, उंट, पाणघोडा यांचं कूळ.

हाडांचा अभ्यास करणाऱ्यांना हे पटेना, आणि त्यांचंही म्हणणं पोकळ नव्हतं. १९६६ मध्ये ली व्हॅन व्हेलन यांनी मेसोनिकिड नावाच्या, केव्हाच नामशेष झालेल्या गटाकडे लक्ष वेधलं. लांडग्यासारखे दिसणारे, मांस खाणारे, पण पायाला खुरं असलेले हे प्राणी. त्यांच्या त्रिकोणी दाढा आणि अगदी जुन्या देवमाशांच्या दाढा शेजारी ठेवल्या तर नातं उघड दिसतं. जीवाश्मांमध्ये सगळ्यात जास्त टिकतात ते दात. त्यामुळे पुढची तीस-पस्तीस वर्षं हेच मत चाललं.

१९९० च्या दशकात डीएनएचे निष्कर्ष येऊ लागले आणि तेही रक्ताच्याच बाजूने बोलले. देवमासा समखुरींचा नुसता शेजारी नाही, तो त्यांच्या घरातलाच आहे, आणि आजच्या प्राण्यांत त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा! जीवाश्मवाल्यांचा प्रतिप्रश्न साधा होता: तसं असेल तर जुन्या देवमाशांचे घोटे दाखवा.

कारण समखुरींच्या घोट्यातलं एक हाड इतर कुणाकडे नसतं असं असतं. आणि जुन्या देवमाशांच्या कवट्या मिळत होत्या, घोटे मात्र मिळत नव्हते.

ते मिळाले, आणि दोन वेगवेगळ्या गटांना मिळाले. २००० साली पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात फिलिप गिंगरिच यांच्या चमूला सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या, चार पायांच्या देवमाशांचे सांगाडे घोट्यांसकट सापडले. एकाचं नाव आर्टिओसीटस, दुसरा रोडोसीटस. तिकडे पाकिस्तानी पंजाबातल्या काला चित्ता टेकड्यांमध्ये हान्स थेविसन यांच्या गटाला त्याहूनही जुन्या पाकिसीटस या देवमाशाची हातापायांची हाडं मिळाली. सप्टेंबर २००१ मध्ये, एकाच आठवड्यात, एक शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला आणि दुसरा 'सायन्स'मध्ये. दोन्हींत घोट्याचं हाड तेच: समखुरींचं.

मला सगळ्यात भावतं ते यापुढचं. गिंगरिच यांनी कित्येक वर्षं मेसोनिकिडांची बाजू मांडली होती. स्वतःच शोधलेल्या हाडाने ती बाजू पाडल्यावर त्यांनी ते जाहीरपणे मान्य केलं आणि तसं छापलं.

गुरांचा_डॉक्टर

घोटा म्हटल्यावर थांबणं भागच होतं. मी पशुवैद्य आहे, हे हाड माझ्या रोजच्या ओळखीचं. धाग्यात त्याचं वर्णन राहिलंय, ते मी करतो.

आधी एक गैरसमज. गाईच्या किंवा घोड्याच्या मागच्या पायात जो सांधा 'उलटा गुडघा' वाटतो, तो गुडघा नाही, तोच घोटा. खरा गुडघा वर पोटाजवळ असतो. ही जनावरं बोटांच्या टोकांवर उभी असतात, म्हणून घोटा इतका वर गेलेला दिसतो.

या सांध्यात मधोमध एक हाड बसलेलं असतं, अ‍ॅस्ट्रॅगॅलस. त्याचं वरचं टोक सगळ्याच सस्तनांमध्ये थोडंफार कप्पीसारखं असतं, त्यावर नडगीचं हाड फिरतं. खरा फरक खालच्या टोकात. कुत्र्यात ते गोलसर असतं. घोड्यात जवळजवळ सपाट. समखुरींमध्ये मात्र खालीही दुसरी कप्पी असते. एकाच हाडाला दोन कप्प्या, एक वर आणि एक खाली. त्यामुळे घोटा दोन जागी मुडपतो, पुढे-मागे भरपूर हलतो आणि आजूबाजूला जवळपास हलत नाही. हरणाची ती उसळी याच रचनेतून येते. शेळीचं असो, उंटाचं असो की डुकराचं, हे हाड डोळे मिटून हातात दिलं तरी बोटांना कळतं.

म्हणूनच हा पुरावा दाताच्या पुराव्यापेक्षा भारी आहे. मांस खाणाऱ्यांचे दात वेगवेगळ्या कुळांत सारखे होऊ शकतात, कारण काम सारखं असतं. पण पाण्यात पोहणाऱ्याला दुहेरी कप्पीचा काय उपयोग? त्याने ती पाण्यासाठी कमावलेली नाही. ती वारशाने आलेली आहे.

आणखी एक भर. देवमाशाचं जठरही अनेक कप्प्यांचं असतं. रवंथ करत नाही, मासे आणि कोळंबीसारखे जीव खातो, तरी कप्पे आहेत. शरीररचनेच्या पुस्तकात हे वाचलं होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा लक्षात आला नव्हता.

रानवाटा

अप्रतिम धागा. वाचनखूण साठवली. डॉक्टर, 'उलटा गुडघा' मी आजवर गुडघाच समजत होते!

सूक्ष्मदर्शी

डीएनएबद्दल धाग्यात एकच वाक्य आहे, त्यात थोडी भर. हा माझा विषय.

डीएनएच्या अक्षरांची तुलना करून नातं काढता येतं, पण त्यात एक धोका असतो. अक्षरं चारच. त्यामुळे एकाच जागी तोच बदल दोन कुळांत योगायोगाने होऊ शकतो. १९९७ मध्ये जपानमधल्या नोरिहिरो ओकादा यांच्या प्रयोगशाळेने जो पुरावा दिला तो यापेक्षा पक्का आहे. आपल्या सगळ्यांच्या जनुकसंचात काही तुकडे स्वतःची नक्कल काढून ती दुसरीकडे कुठेतरी घुसवतात. अब्जावधी अक्षरांच्या मजकुरात ही नक्कल कुठेही पडू शकते. एकदा पडली की ती तिथेच राहते आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांना जाते. आता दोन प्राण्यांमध्ये तोच तुकडा अगदी त्याच जागी सापडला, तर दोघांत तो वेगवेगळा येऊन पडला असण्याची शक्यता नगण्य. दोन विद्यार्थ्यांच्या वहीत बरोबर उत्तर सारखं असणं वेगळं आणि त्याच पानावर, त्याच ओळीत, तीच चूक असणं वेगळं.

ओकादांच्या गटाला असे काही तुकडे सापडले, जे देवमासे, पाणघोडा आणि रवंथ करणारे प्राणी यांच्यात त्याच जागी आहेत, पण उंट आणि डुकरात नाहीत. १९९९ मध्ये त्याच गटाने फक्त देवमासे आणि पाणघोडा यांच्यातच असलेले तुकडे दाखवले. म्हणजे देवमाशाला डुकरापेक्षा गाय जवळची, आणि गाईपेक्षा पाणघोडा जवळचा.

२००१ च्या घोट्यांनी समखुरी कूळ पक्कं केलं, पण पाणघोड्याचं नातं त्यांच्यावरून लगेच सिद्ध झालं नव्हतं. तो भाग हाडांच्या बाजूने जुळायला आणखी काही वर्षं लागली.

कातळ

धागा माहितीपूर्ण आहे, मेहनत दिसते. पण माझ्या काही शंका आहेत आणि त्या मी मनापासून विचारतोय.

एक, हे सगळे 'मधले दुवे' ओळीने मांडले की गोष्ट छान दिसते. पण मी तारखा तपासल्या. तुम्ही उल्लेख केला नाही, पण या गोष्टीत इंडोहायस नावाचा एक छोटा प्राणी नेहमी देवमाशांच्या आधी दाखवतात. त्याचे जीवाश्म आहेत सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचे. पाकिसीटस त्याहून थोडा जुना! मग धाकटा थोरल्याचा पूर्वज कसा?

दोन, पाकिसीटसपासून पूर्ण समुद्री बॅसिलोसॉरसपर्यंत जेमतेम एक कोटी वर्षं. पायांचे वल्हे, नाक डोक्यावर, कान बदलले, शेपटी बदलली. इतकं सगळं इतक्या थोड्या काळात?

टेथिस

कातळ, पहिली शंका अगदी मुद्द्याची आहे. इंडोहायस मी दुसऱ्या भागासाठी राखून ठेवला होता, पण आता इथेच लिहितो.

इंडोहायस पाकिसीटसचा पूर्वज नाही. तसं कुणी अभ्यासकही म्हणत नाही. नातं आजोबा-नातवाचं नाही, चुलत घराण्याचं आहे. समान पूर्वजाच्या दोन शाखा झाल्या. एका शाखेतून देवमासे निघाले, दुसरी इंडोहायसच्या कुळाची. दुसऱ्या शाखेने जुना बाज जास्त राखला. चुलत आजोबा वयाने आपल्या वडिलांपेक्षा लहान असू शकतात ना, तसंच. धाकट्या घरात जुन्या पद्धती टिकलेल्या असतील तर थोरलं घर पूर्वी कसं होतं ते तिथे पाहता येतं. 'दुवा' या शब्दाने आपल्यासमोर साखळी उभी राहते आणि तिथेच फसायला होतं. चित्र झाडाचं आहे, आणि आपल्याला सापडतात त्या बहुतेक आडव्या गेलेल्या फांद्या.

इंडोहायसची हकीकत मात्र सांगायलाच हवी. ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकाने जम्मू-काश्मीरमध्ये कालाकोटजवळच्या खडकांतून काही दात आणि जबड्याचे तुकडे गोळा केले आणि १९७१ मध्ये या प्राण्याला इंडोहायस हे नाव दिलं. देवमाशाशी त्याचा काही संबंध असेल हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. खडकांचे बरेच ढेकळे न फोडताच राहिले. रंगा राव गेले. त्यांच्या पत्नीने ते खडक जपून ठेवले होते आणि पुढे थेविसन यांना ते अभ्यासायला दिले. प्रयोगशाळेत खडकातून कवटी सोडवत असताना तिचा कानाचा भाग चुकून तुटला. आत दिसली एका बाजूला जाड झालेली हाडाची भिंत. ही जाड भिंत तोवर फक्त देवमाशांच्या कानात माहीत होती. देवमासा ओळखायची खूणच ती! आणि इथे ती मांजराएवढ्या, बारीक पायांच्या, हरणासारख्या प्राण्यात निघाली.

डिसेंबर २००७ मध्ये थेविसन, सुनील बाजपाई, बी. एन. तिवारी आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं. इंडोहायसच्या पायांच्या हाडांचा बाहेरचा थर जाड आहे. पाणघोड्यातही तसंच असतं, जड हाडांमुळे पाण्यात तळाशी चालता येतं. दातांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे हलक्या-जड अणूंचं, प्रमाणही पाण्यात बराच वेळ घालवणाऱ्या प्राण्याचं. आजही आफ्रिकेत पाणपिसोरी आहे, आपल्याकडच्या हरणासारख्या छोट्या पिसोरीची बहीण. शिकारी पक्षी वा प्राणी मागे लागला की ती पाण्यात उडी टाकते आणि बुडी मारून बसते. इंडोहायस बहुधा असंच काहीतरी करत असावा. म्हणजे देवमाशांच्या घराण्याने पाण्यात पहिलं पाऊल टाकलं ते भक्ष्य पकडायला नव्हे, स्वतः भक्ष्य होऊ नये म्हणून, असं थेविसन यांचं मत आहे. मला ते पटतं.

दुसऱ्या शंकेवर इतकंच: एक पिढी समजा दहा वर्षांची धरली, तरी एक कोटी वर्षांत दहा लाख पिढ्या होतात. आणि सगळं एकदम बदललं नाही. कान आधी बदलत गेला, पाय बरेच नंतर.

निळाई

टेथिस, शेपटीबद्दल मी लिहू का? मी गोताखोरी शिकवते, पाण्यात शरीर कसं हलतं याकडे माझं सतत लक्ष असतं.

माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची आडवी, वर-खाली हलते. का? पाण्याला दोन्ही सारखंच. डायनोसॉरांच्या काळातले इक्थिओसॉर हे सरपटणाऱ्यांमधून पाण्यात गेलेले. आकाराने हुबेहूब डॉल्फिनसारखे, पण शेपटी माशासारखी उभी. सरडा पळताना पाहा, त्याचा कणा डावी-उजवीकडे वळतो. कुत्रा किंवा चित्ता भरधाव पळताना पाहा, कणा वर-खाली कमानीसारखा वाकतो. इक्थिओसॉरांनी सरड्याची चाल पाण्यात नेली आणि देवमाशांनी चौखूर उधळणाऱ्या सस्तनाची. समुद्रात डॉल्फिन पोहताना पाहते तेव्हा मला त्यात आता घोडदौड दिसते, आणि ती दिसायची थांबत नाही.

अँब्युलोसीटस या जुन्या देवमाशाचा सांगाडा याच वाटेवरचा आहे. १९९४ मध्ये थेविसन, हुसैन आणि आरिफ यांनी त्याचं वर्णन केलं. सुमारे तीन मीटर लांब, मागचे पंजे प्रचंड मोठे, बोटांच्या टोकांना छोटी खुरं. पाणमांजर पोहतं तसा तो कणा वर-खाली वाकवत मागच्या पंजांनी पाणी रेटत असावा. शेपटीचं आडवं वल्हं नंतर आलं.

पानगळ

कच्छचा उल्लेख कुणीच केला नाही, म्हणून लिहितोय. कच्छमधल्या हरुडीच्या थरांतून अशोक साहनी आणि विजय मिश्रा यांनी १९७० च्या दशकातच जुन्या देवमाशांचे जीवाश्म वर्णिले होते. १९७५ मध्ये त्यांनी इंडोसीटस हे नाव दिलं. पुढे २००० मध्ये बाजपाई आणि थेविसन यांनी तिथल्याच एका प्राण्याला कच्छिसीटस नाव दिलं. लांबच लांब तोंड, बारके डोळे, आखूड पाय. गढूळ उथळ पाण्यात नजरेपेक्षा कानावर जगणारा प्राणी असावा.

आज जिथे ऊन आणि कोरडी जमीन आहे, तिथे तेव्हा टेथिस समुद्राचा उथळ, उबदार काठ होता. भारताचा तुकडा उत्तरेला सरकत आशियाला भिडत होता आणि मधला समुद्र आक्रसत होता. काश्मीर, पंजाब, बलुचिस्तान, कच्छ. देवमाशांच्या घराण्याची पहिली पानं सगळी याच पट्ट्यात लिहिलेली आहेत. हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी भूगोल वेगळ्या डोळ्यांनी वाचला असता.

जिज्ञासू_आई

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. हा धागा तिला वाचून दाखवला. तिचे दोन प्रश्न आहेत, जसेच्या तसे देते. पहिला: पाणघोडा समुद्रात गेला आणि देवमासा झाला का? दुसरा: देवमाशाचं नाक चालत चालत डोक्यावर गेलं का?

सूक्ष्मदर्शी

पहिल्याचं उत्तर मी देतो. ताई, तिला सांगा, नाही. पाणघोड्यांचं आजचं कूळ जीवाश्मांत दिसतं ते गेल्या सुमारे दोन कोटी वर्षांत, आफ्रिकेत. देवमासे त्याच्या खूप आधीपासून समुद्रात होते. दोघांचा समान पूर्वज साडेपाच कोटी वर्षांच्या आसपास मागे जातो आणि तो दोघांसारखाही दिसत नसणार.

हे सोपं वाटतं, पण मोठी माणसंही इथे चुकतात. दोघंही पाण्यात, दोघांच्याही अंगावर केस जवळजवळ नाहीत, दोघंही पाण्याखाली पिलाला पाजतात. म्हणून समान पूर्वजच पाण्यातला असेल असं वाटतं. पण २०२१ मध्ये दोघांच्या त्वचेची आणि त्वचेच्या जनुकांची तुलना झाली, तेव्हा त्वचेतले हे बदल दोन्हीकडे वेगवेगळे झालेले दिसले. दिसणं सारखं, वाट वेगळी. म्हणूनच मघाशी मी 'तीच चूक, त्याच ओळीत' यावर भर दिला.

जाता जाता तिला हेही सांगा: निळ्या देवमाशाला दात नसतात, तोंडात गाळणीसारखे पट्टे असतात. पण अशा देवमाशांच्या गर्भात दातांचे कोंब येतात आणि जन्मापूर्वी विरून जातात. दाताचं कवच बनवणारी जनुकंही त्यांच्यात आहेत, फक्त मोडलेली. निकामी झालेली जनुकं पिढ्यानपिढ्या वाहून नेली जातायत.

कातळ

टेथिस, चुलत आजोबांच्या उदाहरणाने माझी पहिली शंका मिटली. मी ओळ पाहत होतो आणि तारखा त्या ओळीत बसवायचा प्रयत्न करत होतो.

बॅसिलोसॉरसबद्दल मी वाचलं ते इथे ठेवतो. १८३४ मध्ये रिचर्ड हार्लन यांना त्याचे प्रचंड मणके पाहून तो सरपटणारा प्राणी वाटला, म्हणून नावात 'सॉरस'. १८३९ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी दाढा पाहिल्या. दाढेला दोन मुळं. सरपटणाऱ्यांत असं नसतं, म्हणजे हा सस्तन. त्यांनी नवं नाव सुचवलं, पण नियमाने आधीचं नाव टिकलं. आणि इजिप्तच्या वाळवंटात, आता जागतिक वारसा असलेल्या वादी अल हितानमध्ये, गिंगरिच यांच्या गटाला त्याचे मागचे पाय मिळाले. १९९० मध्ये ते प्रसिद्ध झाले. पंधरा मीटरहून लांब प्राणी आणि पाय जेमतेम लहान मुलाच्या पायाएवढे, पण गुडघा, घोटा, बोटं सगळं जागेवर. त्या पायांवर तो उभा राहूच शकत नव्हता. मागचे पाय असे शिल्लक का राहतील, याचं दुसरं कुठलंही कारण मला सुचलं नाही.

गुरांचा_डॉक्टर

कातळ, ते पाय पूर्ण गेलेले नाहीतच. आजच्या देवमाशांच्या मांसात खोल, कण्यापासून सुटी अशी कटीची हाडं असतात. फक्त ती निरुपयोगी आहेत असं म्हणू नये. जननेंद्रियांचे स्नायू तिथे बांधलेले असतात. जुनं काम गेलं, दुसरं राहिलं.

डॉल्फिनच्या गर्भात पहिल्या काही आठवड्यांत मागच्या पायांचे कोंब येतात आणि मग जिरतात. क्वचित हे जिरणं चुकतं. २००६ मध्ये जपानमधल्या ताइजीजवळ एक डॉल्फिन मिळाली, तिला शेपटीकडे आणखी दोन छोटे वल्हे होते. बातमीसोबतचा फोटो मी बराच वेळ पाहत बसलो होतो.

टेथिस

सगळ्यांचे आभार. निळाईंचा मुद्दा मला कधी सुचला नसता.

कानाचा भाग राहिलाय, तो थोडक्यात. जमिनीवर आवाज हवेतून कानाच्या पडद्यावर येतो. पाण्यात तो सगळ्या डोक्यातूनच शिरतो, त्यामुळे दिशा कळत नाही. आजचे दात असलेले देवमासे खालच्या जबड्याने ऐकतात. जबड्याच्या मागच्या भागात मोठं भोक असतं, त्यात चरबीची गादी आणि ती आवाज थेट कानापर्यंत नेते. पाकिसीटसमध्ये हे भोक जमिनीवरच्या प्राण्यांसारखं लहान. अँब्युलोसीटसमध्ये मोठं. कच्छिसीटसच्या कुळात आणखी मोठं. पाय अजून शाबूत असताना कान निम्मा समुद्राचा झाला होता.

आणि हे चार पायांचे देवमासे फार लांब गेले. २०१९ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावरून पेरेगोसीटसचं वर्णन झालं. ४ कोटी २६ लाख वर्षांपूर्वीचा, चार मीटरच्या आसपास, बोटांना अजूनही खुरं. आफ्रिकेकडून अटलांटिक ओलांडून तो तिथे पोहोचला असावा असं अभ्यासक मानतात.

आता आपल्या छोट्या मैत्रिणीचा दुसरा प्रश्न. हो बाळा, नाक चालत गेलं असं म्हणायला हरकत नाही, फक्त एका देवमाशाच्या आयुष्यात नाही, लाखो पिढ्यांमध्ये. पाकिसीटसचं नाक तोंडाच्या टोकाला होतं, कुत्र्यासारखं. रोडोसीटसच्या वेळी ते थोडं मागे सरकलं. बॅसिलोसॉरस आणि त्याच्या नात्यातल्या डोरुडॉनमध्ये तोंडाच्या मध्याकडे. आजच्या देवमाशात डोळ्यांच्याही वर, माथ्यावर. पाण्यातून डोकं पूर्ण वर न काढता श्वास घेता येतो.

आणि डॉल्फिनचं पिलू आईच्या पोटात अगदी लहान असतं ना, तेव्हा त्याचं नाक पुढे तोंडाच्या टोकालाच असतं. जन्माच्या आधी ते माथ्यावर जातं.

जिज्ञासू_आई

वाचून दाखवलं. ती वही घेऊन बसली आहे. पाकिसीटस काढून झाला, आता रोडोसीटसचं नाक नेमकं किती मागे काढू असं विचारते आहे.

टेथिस

सुळ्यांच्या थोडं मागे.